आखाजीची वाट

हे लिहिण्याइतका मी मोठा नाही, याची जाणीव आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. म्हणून घरी घडलं तेवढंच लिहितो. त्यात काही मोठं वाटलं, तर ते पुस्तकांतून आलं असं समजावं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, शिंदखेड्याजवळच्या गावात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे शेतगडी, आहेत. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं वर्ष संपतं आणि नवं ठरतं. त्या सकाळी सालदार मालकाच्या ओट्यावर जाऊन बसतो. मालक सवडीने बाहेर येतो, बोलणी होतात, साल धरलं जातं. आबा दर आखाजीला नानांच्या ओट्यावर बसत आले. नाना वाईट मालक नाहीत. फक्त ते आमच्या घरी कधी आले नव्हते.

धुळ्याला इतिहास घेतल्यावर मी सुट्टीत घरी शिकलेलं सांगायचो. रोममधले शेतांवरचे गुलाम, इंग्लंडातले गिरणीमजूर. एकदा रशियाचं सांगितलं. तिथे कष्टकरी जमिनीला बांधलेले असत, मग राजाने हुकूम काढून त्यांना मोकळं केलं.

आबा दोर वळत होते. "मोकळं करं ते करं," ते म्हणाले, "मंग दुसरा रोज सकायले ढोरेसले चारा कोनी टाका?"

दुसऱ्या दिवशी गुरांना चारा कुणी टाकला, ते पुस्तकात नव्हतं. माय चुलीपाशी हसली. "इचार तुना सरले."

हल्ली गावात सालदार मिळत नाहीत. तरणी पोरं सुरतेला जातात. म्हणून यंदा मी आबांना म्हटलं, ओट्यावर जाऊ नका, गरज नानांना आहे, त्यांना येऊ द्या.

"अन नही उनात ते?"

नाना आलेच नाहीत तर, हे मी धरलंच नव्हतं. नवा मालक शोधायचं आबांचं वय नाही, आणि सगळं घर त्या सालावर चालतं. दोराला गाठ मारून ते "दखू", म्हणजे बघू, म्हणाले.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता, म्हणून मी वसतिगृहातच राहिलो. दिवसभर घरी फोन लावला, लागला नाही. समोर क्रांतीची कारणं उघडी होती. एकही डोक्यात शिरलं नाही.

संध्याकाळी मायचा फोन आला. आबा पहाटे सवयीने नानांच्या गोठ्यात जाऊन बैलांना पाणी पाजून आले होते. मग घरी येऊन दारात बसले. दुपार टळली तरी कुणी आलं नाही. आबा जेवलेही नाहीत. उन्हं उतरल्यावर नाना आले.

"कोठे बसनात?" मी विचारलं.

"खाटवर. तुना आबा बी बाजूले बसनात. च्या पिदा दोन्हीसनी."

पुढचं मी न विचारता तिनेच सांगितलं. आबांनी साल धरलं नाही. यापुढे रोजाने येईन म्हणाले, आणि नाना चहा संपवून बरं म्हणाले. मी एवढं सुचवलंच नव्हतं. नवा माणूस मिळेपर्यंत बैलांना सकाळचं पाणी मात्र आबाच पाजणार आहेत.