म्हशीमागची आंबील

आवडाबाईचा जन्म नाचणी दळण्यात गेला, पण पाहुण्यांपुढे नाचणीचं नाव काढलेलं तिला खपत नसे. भाकरी घरच्यांसाठी, चारचौघांत मात्र पांढरा भातच.

१९३१च्या मे महिन्यात तिच्या गंगाला बघायला भागोजी आले. मुलाचे वडील, मुंबईत कापडगिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. असं स्थळ हातचं जाऊ नये म्हणून आवडाबाईने नवऱ्याला, रावजीला, रत्नागिरीच्या बाजारात पिटाळून यंत्रावर कोंडा काढलेला शुभ्र तांदूळ आणवला आणि नाचणीच्या आंबिलीचं मडकं गोठ्यात म्हशीमागे लपवलं.

"अवो, पावण्यांसमोर आंबील मागाल तर बघा!"

"मग मी काय खाऊ?" रावजीने विचारलं.

"भात खावा की!"

"त्यो खाल्ला काय, न खाल्ला काय. घटकाभरात पोट रिकामं."

भागोजींनी पानातला भात बघून मान डोलावली. "मुंबईत आम्ही हाच खातो. नाचणीची तर चवसुद्धा विसरलो."

आवडाबाई सुखावली. पण मुलगी पसंत आहे की नाही, ते काही बोलेनात. जेवून पडवीत आडवे झाले. थोड्या वेळाने ती डोकावते, तर पडवी रिकामी! न सांगताच गेले की काय? तेवढ्यात म्हैस ओरडली. आवडाबाई गोठ्यात धावली.

म्हशीमागे भागोजी उभे होते. अंगात कोट, तोंडाला मडकं, मिशा तपकिरी.

"विहीणबाई, कुणाला सांगू नका," ते ओशाळून म्हणाले. "पाय सुजतात, मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाला, यंत्रावरच्या तांदळाचा कस कोंड्याबरोबरच जातो, नाचणी खा. पण जॉबरच्या डब्यात नाचणीची भाकरी? चाळ हसेल!"

"मग जेवताना का नाय बोललात?"

"तुमच्या भातापुढे धीर झाला नाही. इथे आलो तो वास आला, राहवलं नाही."

आवडाबाईने तोंडाला पदर लावला. मग एकदम थबकली. "विहीणबाई म्हणालात?"

"अर्धं मडकं संपवल्यावर दुसरं काय म्हणणार?"

मागून रावजीचा आवाज आला, "माझ्यासाठी राहिली का गो थोडी?"

लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना पांढराच भात होता. फक्त व्याह्यांच्या पानात, भाताच्या ढिगाखाली, आवडाबाईने आपल्या हाताने नाचणीची भाकरी दडवली होती.