अक्कांनी भिंतीवर लिहिलेल्या तारखा

अक्का गेल्या त्या दुपारी मी समोरच्या घरी बसून तिसऱ्याच कुणाच्या सुनेचे वाभाडे काढत होते. माझी स्वतःची सून धावत आली, "अत्ते, लवकर चला, अक्का उठत नाहीत." मी म्हटलं, झोपू दे गं, जेवण जास्त झालं असेल. शहरात, चामराजपेटेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत माझ्या थोरल्या नणंदबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या, त्या तशाच गेल्या होत्या. कुणाला त्रास नाही, हाक नाही. त्यांचं सगळंच असं.

तेराव्याला आनेकलकडून नंजप्पा आले. आमचे जुने शेजारी. तीस वर्षांत कधी पायरी चढले नव्हते. काठी टेकत आत आले, शेवंतीचा हार फोटोला घातला आणि हात जोडून कानडीत म्हणाले, "अक्का, झालं ते झालं. मी तुम्हाला माफ केलं." पोरांना वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. मी लाडवांचं ताट घेऊन शेजारीच उभी होते. अक्कांनी जे केलंच नव्हतं त्याची त्यांना माफी मिळत होती, आणि जिने ते केलं होतं ती बाई म्हणत होती, "नंजप्पा, आणखी एक घ्या की. स्वल्पच आहे."

सांगते, पहिल्यापासून सांगते. अक्का लवकर विधवा झाल्या. सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. पै-पै साठवून त्यांनी आनेकलच्या वाटेवरच्या एका नव्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीत, जागा घेतली आणि तीन खोल्यांचं घर बांधलं. मागे एक मोठा काळा खडक, पुढे नाचणीची शेतं. धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या यजमानांना, त्यांनी हट्टानं सोबत नेलं. घर त्यांचं, पण मिरवायची मी. लाल गुळगुळीत जमीन मी रोज खोबरेल लावून पुसायची आणि पाहुण्यांना चपला बाहेरच काय, रस्त्यावरच काढायला लावायची. अडतीस वर्षांची घोडी होते, पण अक्कल तेवढी खोबरेलात बुडालेली.

मग नव्वदच्या दशकात शहर आमच्या बाजूला सरकू लागलं. त्याला खडी लागायची. एके दिवशी आमच्या खडकावर लाल बावटा दिसला, दगडाची खाण सुरू झाली. दुपारी एकच्या सुमाराला तीन शिट्ट्या व्हायच्या, मग स्फोट. फळीवरची भांडी वाजायची, वाळत घातलेल्या संडग्यांवर पांढरी धूळ बसायची, ती दाताखाली कचकचायची. महिन्याभरात भिंतींना तडे गेले. लेआउटमधली वीसेक घरं अक्कांच्या ओसरीवर जमली. कचेरीतल्या बाई, त्यांना अर्ज लिहिता येतो, म्हणून सगळं त्यांच्या गळ्यात. अक्कांनी अर्ज टाइप केले, सह्या गोळा केल्या, तालुका कचेरीत खेटे घातले. तिथला कारकून म्हणायचा, तडे काय, कुठल्याही घराला जातात, ते स्फोटाने गेले कशावरून? त्या दिवसापासून अक्का रोज स्फोट झाला की पेन्सिल घेऊन उठायच्या. तडा जिथे संपला असेल तिथे आडवी रेघ मारायच्या आणि शेजारी तारीख लिहायच्या. त्या कानडी शाळेत शिकलेल्या, म्हणून आकडे कानडीच. चार दिवसांनी तडा रेघेच्या पुढे गेला की नवी रेघ, नवी तारीख. वर्षभरात हॉलची भिंत, त्यांच्या खोलीची भिंत, सगळी तारखांनी भरली.

मला त्याची लाज वाटायची. कोणी आलं की मी तारखांपुढे खुर्ची सरकवायची.

शेवटी तालुका कचेरीतला साहेब पाहणीला यायचा मंगळवार ठरला. अक्का आणि यजमान आदल्या शनिवारी मावशीच्या वर्षश्राद्धाला चामराजपेटेत गेले. मी मागे राहिले, साहेबाच्या चहापाण्याची तयारी करायला. आता तयारी म्हणजे काय? मला एकच तयारी ठाऊक होती. माझ्या तीन बहिणींना बघायला पाहुणे आले तेव्हा आईने तिन्ही वेळा घर रंगवलं होतं. मी रंगारी बोलावला. तडे बघायलाच साहेब येतोय हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी म्हटलं, मागच्या न्हाणीच्या भिंतीला हात घुसेल एवढा तडा आहे, तो बघेल की. हॉलमध्ये ती रेघोट्यांची भिंत बघून म्हणेल काय, ह्या घरात बायामाणसं नाहीत? रंगाऱ्याने तडे सिमेंटने भरले, वरून पोपटी डिस्टेंपर दिला. काम इतकं झटपट केलं की उरलेल्या मालात न्हाणीची भिंतही त्याने फुकट करून दिली. मी खूश होऊन त्याला दोन डोसे जास्त वाढले.

मंगळवारी साहेबाची जीप आणि अक्कांची बस एकदमच आली. मागून नंजप्पा, त्यांची बायको गौरम्मा, सगळा लेआउट. अक्का उत्साहाने साहेबाला हॉलमध्ये घेऊन आल्या आणि थांबल्या. त्यांनी भिंतीवर बोट ठेवलं. बोटाला पोपटी रंग आला.

साहेब म्हणाला, "गोडे चेन्नागिदे अल्ला, अम्मा?" भिंत तर छान आहे की!

अक्कांनी बोट पदराला पुसलं. साहेबाने विचारलं, "हे कधी केलंत? कुणी करायला सांगितलं?"

काजू घातलेल्या उपम्याचं ताट घेऊन मी पडद्यामागे उभी होते. अक्कांनी पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं… मग म्हणाल्या, "मीच करून घेतलं. चूक झाली माझी."

बाकीच्यांची घरं कच्ची, मातीची. त्यांच्या तड्यांवर कुणी तारखा घातल्या नव्हत्या. दाखवण्यासारखं घर होतं ते अक्कांचंच. अहवाल आला: नुकतीच डागडुजी झालेली, स्फोटांशी संबंध दिसत नाही. खाणवाल्याला मोकळं रान मिळालं, आणि खाण शंभर पावलं अलीकडे सरकली.

त्या रात्री मी अक्कांपुढे रडले. (रडण्यात मी तेव्हाही पटाईत.) म्हटलं, अक्का, माझं नाव का नाही घेतलं? त्या पोळपाट धूत होत्या. म्हणाल्या, "तू पुढे येशील म्हणून थांबले होते गं. आली नाहीस. मग काय, चारचौघांत ओढू तुला?" एवढंच. यजमानांनाही त्यांनी कधी सांगितलं नाही. निघण्याआधी रंगाऱ्याला आपणच सांगून ठेवलं होतं, असलं काहीतरी सांगितलं, आणि त्या भोळ्या माणसाने ते मरेपर्यंत खरं मानलं.

लेआउटमध्ये मात्र कुजबुज सुरू झाली. खाणवाल्याने बाईला गप्प केलं. पाहणीच्या तोंडावर रंगारी कुणाच्या पैशाने आला? सह्या मागायला गेलेल्या अक्कांना लोक दारातूनच "सरी, सरी, बरं, बघू" म्हणून लावून देऊ लागले. मी काय करत होते? मी त्यांच्याबरोबर जायची. पिशवी धरायला.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी शिट्ट्या झाल्याच नाहीत. स्फोट आधी झाला. ओंजळीएवढा दगड नंजप्पांच्या कौलांतून आत आला. गौरम्मा चुलीपुढे बसून मुद्दे, नाचणीच्या उकडीचे गोळे, वळत होती. ती चार दिवस जगली. पाचव्या दिवशी नंजप्पा आमच्या दारात आले आणि अक्कांना विचारलं, "किती दिले त्यांनी तुम्हाला?" अक्का उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या, मी त्यांच्या मागे. त्यांचा हात मागे आला आणि माझं मनगट घट्ट धरून राहिला. तेव्हा मला वाटलं, त्या आधार शोधताहेत. आता वाटतं, मला गप्प बसवत होत्या. की मी बोलणारच होते, ही माझी सोयीची समजूत असेल.

घर शेवटी खाणवाल्यालाच विकावं लागलं. दुसरा कोण घेणार? त्यात त्याने मजुरांचं सामान ठेवलं. ते विकलं म्हणून लोकांची खात्रीच पटली. अक्का आमच्याबरोबर चामराजपेटेत मागच्या खोलीत आल्या, त्या शेवटपर्यंत. माझी मुलं त्यांनी वाढवली, माझ्या गुडघ्यांना तेल चोळलं, माझ्या पाककृतींना नावं ठेवली. त्या विषयावर शब्द नाही.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी मी एकटी बसने आनेकलकडे गेले. नंजप्पा लेकीकडे असतात. ओसरीवर बसून सगळं सांगितलं, रंगाऱ्याच्या डोशांसकट.  नंजप्पा म्हणाले, "एकदा बाजारात भेटल्या होत्या अक्का. माझ्या हातातली पिशवी जड होती, धरायला पुढे झाल्या. मी थुंकलो, अम्मा. त्यांच्या पायाशी." मग काठी टेकत उठले आणि म्हणाले, "तुम्ही जा आता." मी माफी मागायला गेले होते, पण ती मागायला तोंड राहिलं नाही. बसमध्ये बसायला जागा होती तरी आनेकलपासून घरापर्यंत उभी आले. म्हातारपणी सुचलेलं असलं प्रायश्चित्त! दुसऱ्या दिवशी सुनेला पाय दाबायला लावले.

मागच्या खोलीत अक्कांची खाट अजून आहे. खाटेशेजारी भिंतीवर तळहाताएवढा तेलकट डाग आहे. दुपारी एक वाजला की अक्का, चामराजपेटेत कुठला आलाय स्फोट, तरी त्या भिंतीला हात टेकून बसायच्या. पाचेक मिनिटं. मग उठून ताटं घ्यायच्या. नातू म्हणतो, "आजी, डाग किती वाईट दिसतो, पाडव्याच्या आधी खोलीला रंग काढू या ना." मी नको म्हटलं. का, म्हणून विचारत होता. घरात अजून कुणालाच ठाऊक नाही. म्हणून हे सगळं लिहून पेपरला धाडलंय; रविवारी पेपर सगळ्यांच्या आधी तोच उचलतो.