काकांची डबल बेल

माझ्या मावशीच्या यजमानांइतका भित्रा माणूस अख्ख्या मुंबईत सापडणार नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. आता भित्रा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे झुरळ बघून खुर्चीवर चढणारा माणूस आला असेल, तर तो पुसून टाका. नायगावच्या त्यांच्या चाळीत एकदा मोरीतून साप निघाला, तेव्हा शेजारचे दोन हवालदार पलंगावर उभे राहून सर्पमित्राचा नंबर शोधत होते आणि काका लेंगा वर खोचून त्या सापाला काठीने बादलीत घालत होते. अंधार, साहेब, डॉक्टरची सुई, यांतल्या कशालाच काका भीत नाहीत. मावशीच्या रागाला थोडे भितात, पण त्याला आमचं अख्खं खानदान भितं. काका भितात ते बसला. आणि या माणसाने नोकरीचं सगळं आयुष्य लाल बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलं आहे.

बरं, भीती धावत्या बसची म्हणावी तर तसंही नाही. लालबागच्या पुलावरून बस कशीही उधळू दे, काका आपले शांत बसलेले असतात. बस थांबली की मात्र त्यांच्या कपाळावर घाम येतो. "चलत्या गाडयेत माणूस गाडयेत असता," ते मला समजावतात. "थांबलेल्या गाडयेत तो खंयचोच नसता. एक पाय वर, एक पाय खाली. माका भय त्याच टायमाचा." एरवी काका तुमच्या-माझ्यासारखंच मराठी बोलतात. घाबरले की मालवणीवर येतात. त्यामुळे बसमध्ये ते बहुतेक वेळ मालवणीतच असतात.

नोकरीच्या सुरुवातीला दुसऱ्या कुठल्याशा गाडीच्या दारात त्यांनी काहीतरी पाहिलं होतं. काय पाहिलं, ते कधीच सांगत नाहीत. तेव्हापासून त्यांनी एक नेम केला. गाडीत छताला दोरी असायची. कंडक्टरने ती एकदा ओढली की ड्रायव्हरने थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. ही डबल बेल काका कुणाच्या बापाच्या सांगण्यावरून देत नसत. उतरणाऱ्या शेवटच्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांचा हात दोरीकडे जायचाच नाही. "चला, चला!" म्हणून गाडी ओरडायची, पुढच्या खिडकीतला माणूस घड्याळ दाखवायचा, मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या. काका दाराकडे नजर लावून उभे. त्यांची गाडी कधी वेळेवर पोचली नाही, आणि त्यांच्याबरोबर ड्यूटी लागू नये म्हणून ड्रायव्हर लोक देवाला नारळ बोलायचे. एकदा एक ड्रायव्हर चक्क खाली उतरून मागच्या दाराशी आला आणि म्हणाला, "काय रे, झोपलास की मेलास?" काका म्हणाले, "आजी उतरतत." तो ड्रायव्हर हात जोडून परत गेला म्हणतात.

या धंद्यामुळे काकांना माणसांकडे बघायची सवयच राहिली नाही, ते पायांकडे बघतात. माझं लग्न ठरलं तेव्हा भावी नवऱ्याला दाखवायला मी मावशीकडे नेलं. काका गॅलरीत उभे राहून त्याला टॅक्सीतून उतरताना बघत होते. आम्ही वर पोचेपर्यंत त्यांचा निकाल लागला होता. "मुलगा चांगला आहे," ते मावशीला सांगत होते, "दोन्ही पाय टेकल्याशिवाय दारावरचा हात काढत नाही." नोकरी, घरदार, पत्रिका, कशाचीच चौकशी त्यांनी केली नाही, आणि आज इतक्या वर्षांनी मला म्हणावंसं वाटतं की तेवढी चौकशी पुरेशी होती.

निवृत्त झाल्यावर तरी हे भूत उतरेल असं आम्हाला वाटलं होतं. कसचं काय! उलट ते मानगुटीवरच बसलं, कारण आता दोरी त्यांच्या हातात नव्हती. पुढे दोरीच गेली, आणि बऱ्याच गाड्यांतून कंडक्टरही गेला. तो खाली स्टॉपवर उभा राहून तिकिटं देतो आणि ड्रायव्हर एकटाच गाडी घेऊन निघतो. मागे बघायला कुणी नाही या कल्पनेनेच काकांचा जीव घाबराघुबरा व्हायचा. त्यात बस मिळण्याचं हे असं. मोबाइलवर बस येताना दिसते, रस्त्यावर दिसत नाही. मग बऱ्याच वेळाने येते ती माणसांनी गच्च भरून, आणि थांबते कुठे तर भर रस्त्यात, कारण स्टॉपच्या पुढ्यात कुणाची तरी मोटार उभी असते, नाहीतर खोदकामाचे पत्रे. फूटपाथ आणि बस यांच्यामध्ये एक मोटारसायकल आरामात जाईल एवढी जागा असते, आणि जातेच. बिनआवाजाच्या नव्या विजेच्या गाड्यांना तर काका गाडीच मानत नाहीत. "चोर पण पावलं वाजवतो," म्हणतात.

बसमध्ये पायच ठेवायचा नाही असा त्यांचा विचार पक्का होत आला होता, तेवढ्यात मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. परळच्या इस्पितळात दिवसाआड व्यायामाला जायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं की आता गुडघा वाकवत राहिलात तर चालाल, नाहीतर तो असाच धरून बसेल. मावशीचं घर चाळीच्या वरच्या मजल्यावर, आणि जिना असा की धडधाकट माणसाने देवाचं नाव घ्यावं. गुडघा गेला म्हणजे तिचं बाजारहाट, हळदीकुंकू, समोरच्या चाळीतली भांडणं, सगळंच गेलं. टॅक्सीवाले नायगाव-परळ एवढं जवळचं भाडं म्हटलं की मान दुसरीकडे वळवतात. राहिली बस.

मग काकांनी उतरण्याचं एक शास्त्र बसवलं. आधी स्वतः उतरायचं. वाटेत येणाऱ्या मोटारसायकलला आडवा हात करायचा. मावशीचा ऑपरेशनचा पाय खाली, मग चांगला पाय खाली. दोन्ही टेकले की बसच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारायच्या, ठाप ठाप. त्या गाडीवर बहुतेक वेळा एक जुना ड्रायव्हर असायचा, निवृत्तीला आलेला, घंटीच्या दोरीवर वाढलेला. पहिल्यांदा त्या थापा ऐकल्या तेव्हा त्याने खिडकीतून मागे वळून पाहिलं आणि हसला. "काका, तुमची डबल बेल ऐकली ना, बरं वाटतं. आरशात बघायची पण गरज नाय." तेव्हापासून त्या स्टॉपवर तो खरंच आरशात बघेनासा झाला. थापा पडल्या की गाडी निघायची. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हा हा सोहळा पाहून मला इतकं हसू आलं की मावशीने मला चिमटा काढला.

मग एका सकाळी लोअर परळला ऑफिसात बसले असताना मावशीचा फोन आला. आवाज अगदी साधा. "अगं, माझा हात मोडलाय. त्याचं काही नाही, प्लास्टर घालतायत. तू ह्यांच्याकडे बघायला ये."

मी मिळेल ती टॅक्सी पकडून परळला पोचले. इस्पितळाच्या बाकावर काका बसले होते, उजवा हात मांडीखाली दाबून, जणू सोडला तर तो हात कुठेतरी निघून जाईल. झालं होतं ते असं. त्या दिवशी लोक फार वेळ ताटकळून चढले होते. परळच्या स्टॉपवर बस रस्त्याच्या मध्येच थांबली. काका उतरले, मावशीने ऑपरेशनचा पाय खाली टेकला, आणि ती दम खायला थांबली. आतून "चला, चला!" सुरू झालं. कुणी म्हणालं, "ओ, आम्हाला पण कामं आहेत." आणि दारातल्या एका बाईने म्हटलं, "एवढं होत नाही तर घरी बसवा ना त्यांना." उभ्या जन्मात ज्या ओरड्याने काकांचा हात कधी हलला नव्हता, त्याने तो त्या दिवशी हलला. अंगावर खाकी असताना ती ओरड कंडक्टरवर होती. आता ती त्यांच्या बायकोवर होती. त्यांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि गाडी निघाली.

वीतभरच निघाली म्हणा. लोकांनी बोंब ठोकली, त्या जुन्या ड्रायव्हरने जागच्या जागी ब्रेक मारला. पण मावशी हातावर पडली होती, आणि मागचं चाक तिच्या पदरापाशी येऊन थांबलं होतं. हे मला मावशीने सांगितलं. काकांनी मला एवढंच सांगितलं, "मी डबल बेल दिली. तिचा पाय वर होता. मला दिसत होता." हे ते इतक्या स्वच्छ, पुस्तकी मराठीत बोलले की माझ्या अंगावर काटा आला. घाबरलेले काका मला लहानपणापासून ठाऊक होते. हे काका मला ठाऊक नव्हते.

त्यानंतर ते बसकडे फिरकले नाहीत आणि मावशीलाही जाऊ देईनात. मोडका हात, त्यात जिना, कशाला उगाच, असं सगळं त्याच स्वच्छ मराठीत. घरात ते उजव्या हाताने पाण्याचा पेलाही उचलत नसत. बघता बघता गुडघा धरू लागला. डॉक्टरीणबाईंनी फोनवर मला जे सांगितलं ते मी मावशीला सांगितलं, आणि मावशीने काकांना ऐकू जाईल अशा बेताने मला सांगितलं, "सोमवारी मी बसने जाणार. ज्यांना यायचं त्यांनी यावं."

सोमवारी मी रजा टाकून गेले. मावशी एका हाताने कठडा धरून एकेक पायरी उतरत होती, मी तिच्या पुढे उलटी उतरत होते, आणि काका वर दाराशी उभे होते. आम्ही खालच्या मजल्यावर पोचलो तेव्हा वर कुलूप लावल्याचा आवाज आला. स्टॉपवर आम्ही तिघं उभे राहिलो. मोबाइलमध्ये बस येत होती. मला, खरं सांगते, ती येऊच नये असं वाटत होतं. काकांचा उजवा हात खिशात होता.

बस आली, आणि गाडीवर तोच जुना ड्रायव्हर. आम्हाला पाहून त्याचा चेहरा उतरला. गर्दी नेहमीचीच होती. परळपर्यंत काकांनी दारावरची नजर काढली नाही. स्टॉप आला, बस रस्त्यातच थांबली. काका उतरले. मी मावशीच्या मागे तिचा दंड धरून उभी. ऑपरेशनचा पाय खाली गेला. मागून कुणीतरी सुरू केलंच, "चला, चला!" ड्रायव्हर स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. मावशीचा दुसरा पाय टेकला, मी उडी मारून खाली आले, आम्ही तिघंही जमिनीवर होतो आणि तरी बस हलेना. आतली ओरड वाढली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो आरशात बघत होता, त्याला सगळं दिसत होतं, आणि तरी तो डबल बेलची वाट बघत होता.

काकांचा हात खिशातून बाहेर आला. पत्र्याजवळ गेला आणि थांबला. पुन्हा खिशात गेला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मावशीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, वळली, आणि प्लास्टरचा हात उचलून बसच्या पत्र्यावर दणदणीत दोनदा आपटला.

बस निघाली.

"अगो, हाडां जुळूक नाय अजून!" काका ओरडले. "त्या हातान वाजवतंस?"

"मगे कोण वाजवतलो? तुमी?"

"माका भय वाटता गो."

"वाटूं दे," मावशी म्हणाली. "तुमी पाय बघा. बेल मी देतंय."

मालवणी परत आलेली ऐकून मी तिथेच फूटपाथवर रडले.

मावशीचा गुडघा आता बरा आहे, समोरच्या चाळीतली भांडणं ती पुन्हा प्रत्यक्ष हजर राहून ऐकते. तो ड्रायव्हर निवृत्त झाला. त्या मार्गावर आता बंद दारांच्या नव्या गाड्या आल्यात. बाहेरच्या थापा आत ऐकूही जात नाहीत. तरी काका पाय बघतात आणि मावशी थापा मारते. बस निघते ती तिच्या मनाने, पण या दोघांचं म्हणणं असं की यांच्यामुळे निघते.

मी मात्र हल्ली लोअर परळला एकटी उतरते तेव्हा पाठीमागे दार मिटतं आणि क्षणभर भीती वाटते. माझे पाय टेकले की नाही, हे कुणीच पाहिलेलं नसतं. परवा माझ्यामागून एक म्हाताऱ्या बाई उतरत होत्या. एक पाय वर, एक पाय खाली. आतून लोक ओरडत होते. मी दाराला हात लावून उभी राहिले आणि त्यांच्या चपलांकडे बघत बसले. त्या बऱ्याच सावकाश उतरल्या. मला ऑफिसला उशीर झाला.