चार स्वल्पविराम

माझी वहिनी एका वाद्यवृंदाच्या वह्या सांभाळते. प्रत्येक वाद्याची स्वरलिपीची वही वेगळी. ती वादकाला द्यायची आणि कार्यक्रम झाला की त्यातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडून कपाटात ठेवायची. एकतीस वर्षं हेच. घरीसुद्धा पेन्सिलीचं काही दिसलं की तिचे हात शिवशिवतात. मी किराणाची यादी मुद्दाम पेनानं लिहिते.

माझा दादा त्याच वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचा. सहा वर्षांपूर्वी गेला. फुप्फुसाचं दुखणं कळलं आणि दीड महिन्यात सगळं आटोपलं. "काही कळलंच नाही हो," असं वहिनी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. शेजारी बसून मीही मान डोलवायचे.

यंदा वाद्यवृंदाला पन्नास वर्षं झाली. त्या समारंभाची अख्खी संध्याकाळ एकाच संगीतकाराची ठरली. शंभरेक वर्षांपूर्वीचा हा गृहस्थ एकेक ओळ इतकी लांबवायचा की दादा त्याला 'लांबोजी' म्हणे. पूर्वी लांबोजी दरवर्षी व्हायचा. दादाचा शेवटचा कार्यक्रमही त्याचाच, आणि तेवढी एक वही वहिनीनं खोडली नव्हती.

तालमीच्या दिवशी ती चष्मा घरी विसरली म्हणून मी द्यायला गेले. नवी क्लॅरिनेटवाली टेबलापाशी उभी होती.

"या खुणा राहू देशील का गं?" वहिनीनं तिला विचारलं. "यांच्या हातच्या आहेत."

मुलीनं पान निरखलं. "ताई, हे स्वल्पविराम म्हणजे श्वास घ्यायच्या जागा ना? पण हा तुकडा एका दमात वाजवायचा असतो. यांनी मध्ये चारदा श्वास घेतलाय."

"असेल त्यांची तऱ्हा," वहिनी हसली. मग तिचं हसू तिथंच थिजलं.

"आधी इथे काहीच नसायचं," ती म्हणाली. "मग एका वर्षी एक आला. पुढच्या वर्षी दोन. मग तीन."

माझ्या हातातला चष्मा हातातच राहिला.

"मीच खोडले गं," वहिनी माझ्याकडे बघत म्हणाली. "दरवर्षी. या हातांनी."

मला दादाचा असा संताप आला की समोर असता तर दोन थोबाडीत दिल्या असत्या. वही कुणाच्या हातात जाते हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी दम पुरत नाही हे तोंडानं कधी सांगितलं नाही. आणि मी? जिना चढताना तो मध्येच थांबून माझी चेष्टा करायचा, तेव्हा मला वाटायचं गडी मजेत आहे! वहिनीला जवळ घ्यायचंही मला सुचलं नाही, इतकी मी हबकले होते.

वहिनीनं मुलीला दुसरी कोरी प्रत काढून दिली. दादाची वही पिशवीत घातली.

कार्यक्रमाला आम्ही कडेच्या खुर्च्यांवर बसलो. दिवे मंद झाले तशी तिनं वही मांडीवर उघडली. अक्षर दिसत नव्हतं, पण तिला ते पाठच होतं. तो तुकडा सुरू झाला. मुलीनं सूर धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. फारच सुंदर वाजवलं तिनं.

माझ्या शेजारी वहिनीनं चार वेळा श्वास घेतला. मी मोजले.