आगाऊ ठिणगी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. तिला बाकी सगळं ठाऊक आहे. मॅट्रिकला गणितात कसाबसा निघालो, लग्नाआधी विड्या ओढायचो, पहिल्या भेटीत तिच्या भावालाच नोकर समजलो. ही एक गोष्ट तेवढी राहिली. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीटसं कळलेलं नाही. ऐकून घ्या.

गोष्ट फटफटीची आहे. हसलात ना? हसा. आमच्या घरात या गोष्टीवर सगळेच हसतात. मी तर सगळ्यांत मोठ्यानं.

माझ्या विमलताईचे यजमान, आमचे भाऊजी, अकोल्याला वकील. अंगानं भरलेले, आवाज असा की कोर्टात बोलले तर बाहेर टांगेवाल्याला निकाल कळावा. आणि जीव सगळा एका फटफटीत. लढाईनंतर लष्करी मालाच्या लिलावात घेतलेली, एका सिलिंडरची, विलायती. कोर्टाला सुट्टी लागली की भाऊजी निघालेच — कधी शेंदूरजनाघाटला संत्र्यांच्या बागांत, कधी चिखलदऱ्याला, कधी नुसतंच रस्ता नेईल तिकडे. मागं ताई, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून, डोळे गच्च मिटून. परत आले की दोघांची तोंडं धुळीनं सारखीच लाल. ताई पंधरा दिवस कुरकुरायची आणि पुढच्या सुट्टीला स्वतःच दशम्या भाजायला बसायची.

गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. एक ते, आणि एक त्यांचा अकोल्याचा मिस्त्री. मी अमरावतीच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, सायकलवर फिरायचो. एकदा मी इंजिनाबद्दल काही बोलायला गेलो तर म्हणाले, "मास्तर, तुले फळ्यावरचं इंजिन समजते लेका. हे जित्तं जनावर हाय!"

टोचलं. सगळ्यांसमोर म्हणाले म्हणून जास्तच.

आता थोडं इंजिनाचं सांगावं लागेल — कंटाळू नका. सिलिंडरमध्ये दट्ट्या वर येतो, वायू दाबला जातो, ठिणगी पडते, स्फोट होतो. पण ठिणगी दट्ट्या पार वर पोचायच्या जरा आधी पडावी लागते. आगाऊ. हा शब्द मला फार आवडला होता, कारण ताई मला लहानपणापासून तेच म्हणत आली. ठिणगी आणखी आगाऊ पाडली की गाडी आणखी पळते, असं शाळेतल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात होतं. हे आगाऊपण कमीजास्त करायला भाऊजींच्या गाडीच्या हँडलवर एक छोटं लिव्हर होतं. किक मारण्याआधी ते मागं घ्यायचं, गाडी सुरू झाली की पुढं. मागं न घेता किक मारली तर इंजिन उलटं फिरतं आणि किक माणसालाच लाथ घालते. भाऊजींचा हात त्या लिव्हरवर आपोआप जायचा. देवळात शिरताना घंटेकडे जातो ना, तसा.

एका दिवाळीत ते दोघं आमच्याकडे आले होते. दुपारी पुरणपोळ्या खाऊन भाऊजी आडवे झाले. घोरणं अंगणापर्यंत येत होतं. मी परसात गाडी उघडून बसलो. सायकलची एक तार दट्ट्याची जागा पाहायला, आणि पोरांकडून जप्त केलेल्या पतंगाचा कागद. तो ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांच्या फटीत अडकवायचा, सुटला की समजायचं ठिणगी इथं पडते. मी ठिणगी मुळातूनच आणखी आगाऊ करून ठेवली. म्हणजे लिव्हर कितीही मागं घेतलं तरी ठिणगी आता लवकरच पडणार होती. हे मला कळत होतं का? पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं, मी ते पान वाचलेलं होतं. वाटलं, एवढ्याशानं काय होतंय!

संध्याकाळी आम्ही भातकुलीच्या रस्त्याला फेरी मारली. नशीब म्हणा, गाडी एका किकला सुरू झाली, आणि मग — काय सांगू! भाऊजी आनंदानं ओरडत होते, "अरे, पागल झाली रे गाडी आज! तुमच्या अमरावतीच्या पेट्रोलात काय टाकतेत काय?" मागं मी टोपी छातीशी धरून हसत होतो. ठरवून टाकलं, आत्ता नाही सांगायचं. उद्या आम्हां दोघांना सेमाडोहला जायचं होतं. तिथं जंगलात एखाद्या दगडावर बसून, दशम्या सोडून, ऐटीत सांगू — भाऊजी, पेट्रोल नाही, मास्तर! तेव्हा त्यांचं तोंड कसं होईल, याचाच विचार करत झोपलो. खरं सांगतो, इतका खूश मी माझ्या लग्नातही नव्हतो.

सकाळी ताई डबा घेऊन ओट्यावर, मी हँडलाशी उभा. भाऊजींनी किक मारली.

फाट्!

किक उलटी आली. भाऊजी खाली, पाय घोट्याच्या वर वाकडा. ताई त्यांना टांग्यात घालून दवाखान्यात घेऊन गेली. मी म्हणालो, "गाडी आत ठेवून मागोमाग येतो." मागोमाग गेलो नाही. आधी परसात बसलो, तार आणि पतंगाचा कागद घेतला आणि ठिणगी होती तिथं परत नेऊन ठेवली. एकदाही चुकलो नाही.

तरी मला वाटतं, इथवरचं मी कधीतरी सांगून टाकलं असतं. मेहुण्याचा पाय मोडला, मूर्ख होतो, म्हटलं की मोकळा. पण पुढचं?

दुपारी भाऊजी खाटेवर, पाय प्लास्टरात. माझा हात धरून म्हणाले, "मास्तर, तू बाजूलेच होता. लिव्हर मांगं घेतलं होतं ना मी?"

घेतलं होतं. मी पाहिलं होतं — त्यांचा अंगठा लिव्हरवर, लिव्हर पार मागं.

मी म्हणालो, "नाही भाऊजी. पुढंच होतं."

ते म्हणाले, "असं काहून विसरलो असन मी?"

आठवड्यानं त्यांचा मिस्त्री गाडी न्यायला आला, एक किक मारली, म्हणाला, "वकीलसाहब, गाडी तो एकदम फर्स्टक्लास है." झालं. शंकेला जागाच उरली नाही.

पाय उत्तम जुळला. आजही माझ्यापेक्षा भरभर चालतात. पण गाडी त्यांनी त्याच उन्हाळ्यात विकली. कुलूप तीनदा ओढून पाहायला लागले. कोर्टात बोलता बोलता थांबून मुन्शीला विचारायचे — हे मघाशी बोललो का रे मी? आणि घरातला तो विनोद! चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत होते, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "भाऊजी, लिव्हर घेतलं का मागं?" सगळे पोट धरून हसले, तेही हसले. आता भाचेसुद्धा म्हणतात. ते पहिल्यांदा म्हणणारा मीच.

यंदा भाच्याचं लग्न झालं. ऐन गर्दीत भाऊजींनी मला बाजूला घेतलं, मंगळसूत्राची डबी माझ्या खिशात घातली आणि वरून खिसा थोपटला. "तू ठेव. तुझं लक्ष असते. माझा मले भरोसा नाही." मी डबी ठेवून घेतली. वेळेवर काढून दिली. सगळ्यांनी माझं कौतुकही केलं, आणि जेवणं फार छान झाली.

भाऊजी अकोल्याला असतात, मी अमरावतीला. महिन्यातून एकदा तरी भेट होते. त्या सकाळी ते काहीही विसरले नव्हते, हे सांगणं मी त्यांना देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.