हमदामअकांचे वाढते पियाले

कोशतेराक महल्ल्याच्या समितीचं वर्ष पाटातल्या गाळापासून सुरू होतं. मार्चमध्ये घरटी एक माणूस फावडं घेऊन येतो; चौघे गाळ काढतात, बाकीचे तो कसा काढावा हे सांगतात. मग नवरोज, मग उन्हाळाभर लग्नं, थंडीच्या तोंडावर कोणाकडे कोळसा पाठवायचा याची यादी आणि त्या यादीवरून रुसवेफुगवे. डिसेंबरात वार्षिक सभा. या सगळ्यात वर्षभर न कुरकुरता राबतात ती फक्त महल्ल्याची भांडी. लग्न असो की मयत, समितीच्या कोठीतून कढया, किटल्या, पुलावाची ताटं आणि चहाचे पियाले न्यायचे, आणि काम झालं की घासूनपुसून आणून द्यायचे.

या कोठीची किल्ली एकोणीस वर्षं हमदामअकांकडे होती. नोकरीत असताना ते मालगाडीचे डबे तपासायचे. नोकरी संपली, तपासणं राहिलं. बाजारात लोक खरबूज थापटून बघतात; हमदामअका विकणाऱ्याकडे बघायचे. भांडी परत आली की ते कोठीच्या दारात बाक टाकून बसत आणि एकेक पियाला कानाशी धरून नखाने वाजवत. धड पियाला खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. वाजवताना त्यांची नजर मात्र आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर असे. त्या नजरेपुढे ज्याने उभ्या जन्मात काही फोडलं नाही, त्यालाही आपल्या हातून काहीतरी फुटलंय असं वाटू लागे.

दर वर्षी सभेत ही किल्ली अक्सकालांपुढे, म्हणजे महल्ल्याच्या वडीलधाऱ्या प्रमुखापुढे ठेवायची, समितीने कोठी मोजायची आणि सगळं बरोबर भरलं तर किल्ली परत घ्यायची, असा रिवाज होता. हमदामअकांच्या आधीच्या माणसाला ती परत मिळाली नव्हती. तो गृहस्थ तेव्हापासून दुसऱ्या महल्ल्याच्या चहाखान्यात जाऊन बसतो. हमदामअकांच्या आयुष्यात आता बायको आणि किल्ली या दोनच गोष्टी उरल्या होत्या, आणि बायकोच्या मते त्यांचा क्रमही उलटा होता.

यंदा सभेला दहा दिवस असताना त्यांनी पियाले मोजले. हवे होते चारशे. भरले चारशे एक्केचाळीस.

त्यांनी पुन्हा मोजले. चारशे एक्केचाळीस.

कमी भरले असते तर त्यांना एक प्रकारचं समाधानच वाटलं असतं. कमी म्हणजे चोर, आणि चोर म्हणजे हाताला काम. नेलेले आणि परत आलेले सारखे आहेत ना, एवढंच ते वर्षभर बघत आले होते. वाढीचा बंदोबस्त त्यांनी कधी केलाच नव्हता. त्यात शेजारच्या तालबुलाक महल्ल्याचे चाळीसेक पियाले यंदा नाहीसे झाल्याची बोलवा होती. आता निळ्या रंगावर पांढरं कापसाचं बोंड, हा पियाला देशात घरोघरी सारखाच. गर्दीत आपला बैल ओळखता येईल, पियाला येणार नाही. सभेत कोणीही दोन आणि दोन चार करील आणि हमदामअकांना चोर ठरवून मोकळा होईल.

घरी त्यांनी हे बायकोला, ओयनिसाखोलांना सांगितलं. त्या पीठ मळत होत्या.

"वाढले तर वाढले. कोंबड्या वाढल्या म्हणून कोणी पोलिसात जातं का?"

"कोंबड्या अंडी घालतात," हमदामअका म्हणाले. "पियाले कोण घालतंय ते मला बघायचंय."

संशय घ्यायला माणूस तयारच होतं. समितीत बायकांचं काम बघणाऱ्या मुकद्दसओपांना शिवणवर्गासाठी जागा हवी होती आणि त्यांचा डोळा कोठीवर होता. दुसऱ्याच्या डब्यात माल सरकवून त्याला अडकवण्याचे प्रकार हमदामअकांनी रेल्वेत पुष्कळ पाहिले होते. ते ओपांवर पाळत ठेवू लागले. दोनदा त्या कोठीच्या खिडकीतून आत डोकावताना दिसल्या, आणि हमदामअका दिसताच भिंतीच्या रंगाची चौकशी करू लागल्या. भिंतीला रंग नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या शराफतखोलांच्या नातवाचं लग्न झालं. चारशे पियाले गेले, चारशे परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नातला आचारी झारा विसरल्याचं सांगून कोठीत जाऊन आला. झारा त्याच्या कमरेलाच खोचलेला होता. हमदामअकांनी ते हेरलं आणि दुपारी दार किंचित उघडं ठेवून मोठ्या कढईमागे दबा धरून बसले.

थोड्या वेळाने दार करकरलं. शाल पांघरलेली एक आकृती पाय न वाजवता आत आली आणि तिने फळीवर हळूच काहीतरी ठेवलं.

"बसा, शराफतखोला," कढई म्हणाली.

शराफतखोला मटकन खाली बसल्या. मग म्हणाल्या, "फुटला रे माझ्या हातून. नवा आणलाय, अगदी तसाच."

"पण काल तुमच्याकडून पुरते चारशे आले. मी मोजलेत."

"मग सुनेने घातला असेल भरीला. तिला वाटतं तिच्याच हातून निसटला."

"म्हणजे दोन फुटले?"

"एकच फुटला. तिच्या हातून निसटला, मी झेलायला गेले, आणि आचारी म्हणतो की त्याचंच कोपर लागलं."

हमदामअकांना कमरेचा झारा आठवला. "मग मला सांगितलं का नाही?"

"तुला?" म्हातारीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "हमदाम, तू पियाला वाजवतोस ना, तेव्हा मी दाराआड जाऊन उभी राहते. माझा नवरा वारला तेव्हा मयताला आलेले लोक रडायच्या आधी मला विचारत होते, पियाले मोजलेस का म्हणून."

एक फुटला की तीन येत होते. त्यांना अडकवायला कोणी माल सरकवत नव्हतं. त्यांच्याच धाकाने कोठी भरत चालली होती. चोरीचा आळ टाळायचा तर भर सभेत उभं राहून हे सांगायला हवं होतं, आणि सांगितल्यावर असा माणूस कोठीवर कोण ठेवील? त्या संध्याकाळी चारशेवरचे पियाले फोडून पाटात पुरावेत, असंही त्यांच्या मनात आलं. एक उचललाही. एकोणीस वर्षं जपणारा हात खाली येईना.

सभेत किल्ली टेबलावर ठेवली गेली. मुकद्दसओपांनी मोजणी वाचली, चारशे त्रेचाळीस. मागून कोणीतरी तालबुलाकचं नाव घेतलं आणि कुजबुज सुरू झाली. हमदामअका उठले.

"तालबुलाकचे नाहीत. तुमचेच आहेत. माझ्या भीतीने आणलेत तुम्ही. ज्यांनी गुपचूप पियाला ठेवला त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. हमदामअकांनी विचारलंय म्हणजे यात काहीतरी डाव असणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ते किल्लीकडे बघत उभे राहिले. मग शराफतखोलांनी शालीतून हात काढला. मग आचाऱ्याचा वर झाला. मग बरेच. मुकद्दसओपांनी दोन बोटं वर केली. खिडकीतून त्या पियाले ठेवायला जागा बघत होत्या.

अक्सकाल योल्दोशअता घसा खाकरून म्हणाले, "माझे तीन मोजा. खांदा धरलाय, हात वर होत नाही." आणि त्यांनी किल्ली टेबलावरून पुढे सरकवली. "घे. पण हमदाम, माणसांना वाजवून बघू नकोस रे बाबा."

हमदामअकांनी ते मनावर घेतलं. पुढच्या लग्नाची भांडी परत आली तेव्हा त्यांनी एकही पियाला कानाशी नेला नाही. दारात उभे राहून ते येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसले. एकोणीस वर्षांत हे कोणी पाहिलं नव्हतं. बायकांनी वाटेतच एकमेकींना थांबवलं. ह्याला काय सापडलंय, असं त्या कुजबुजत विचारू लागल्या. त्या दिवशी काहीच फुटलं नव्हतं, तरी संध्याकाळपर्यंत पाच पियाले जास्त आले.