सर्व कुस्त्या निकाली होतील, एक सोडून

माघ पौर्णिमेनंतरचा पहिला सोमवार, दुपारी चार वाजून सतरा मिनिटं. ताडकळसच्या पुढे एका गावात यात्रेच्या मैदानात रंगात आलेली कुस्ती समितीने मध्ये पडून सोडवली आणि बरोबरीत जाहीर केली. तक्रारीत आधी वेळ लिहावी, विशेषणं नंतर, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं. वेळ लिहून झाली. विशेषणं येतीलच, पण वाटेत सहलही सांगते. सहल झकास झाली आणि तुम्हीही जावं असं मला मनापासून वाटतं.

परभणीच्या बसस्टँडबाहेर एक पोस्टर लागलं होतं. बावीस पुढाऱ्यांचे हसरे फोटो, आणि पैलवान पोस्टाच्या तिकिटाएवढे. खाली दोन ओळी: ‘सर्व कुस्त्या निकाली होतील’ आणि ‘खास आकर्षण: महिला कुस्ती’. निकाली म्हणजे कोणाची तरी पाठ मातीला लागेपर्यंत. मी नऊ वर्षांची होईपर्यंत वडिलांच्या खांद्यावर बसून कुस्त्या पाहिल्या. मग मला हैदराबादला सिस्टरांकडे धाडलं, आणि सुटीत घरी आले की ‘आता मोठी झालीस’ म्हणून मैदानात नेणं बंद. ते पोस्टर वाचलं आणि सोमवारी सकाळी एसटीत बसले. बायकांना अर्धं तिकीट आहे, कारणं सांगू नका.

दोन्हीकडे ज्वारी उभी, मधे हरभऱ्याचे तुकडे. ताडकळसला उतरून मिरचीभजी खा; चहा मात्र घेऊ नका, तो साखरेचा पाक असतो. पुढे सहा आसनी रिक्षा. आम्ही अकरा जण होतो. शेजारी मांडीवर दुधाची किटली धरून एक गृहस्थ बसले होते.

“कुटं जायलात, बाई?”

“कुस्त्या बघायला.”

“एकल्याच?”

“का? दोघांनी बघितल्या की जास्त दिसतात?”

ते इतके हसले की किटली हिंदकळली. नाव ज्ञानोबा, मेंढ्या राखतात. “मग आमच्याजवळच बसा. ती म्हैला कुस्ती म्हंजे माझी वैष्णवी.”

वैष्णवी अठराची आहे. गावात तालीम आहे, पण ती पोरांची. ज्ञानोबांनी मेंढवाड्यामागे माती खणून तिला आखाडा करून दिला. डाव स्वतः शिकवले. “एकटी दोरावर चढून, जोर काढून किती शिकंल? जोड पायजे. वस्ताद म्हणलेत, भर मैदानात एक निकाली कुस्ती करू दे, हरू दे न्हाई तर जिंकू दे, पोरींना तालमीचं दार उघडतो. लय वाट बघितली, बाई.”

मैदानात बायकांसाठी जागा नव्हती, म्हणून मी ज्ञानोबांसोबत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसले. लाल मातीत हळद, ताक, तेल मिसळल्याचा वास आला आणि मी पुन्हा नऊ वर्षांची झाले. शौकीन मंडळी अफाट! कोणाचा वस्ताद कोण, कोण कुठे कसा पडला, सगळं तोंडपाठ. तरुण पोरं मात्र फोनमधून बघत होती. कुस्ती समोर, आणि हे पडद्यात मान घालून.

चार वाजता वैष्णवी आणि गंगाखेडकडची श्रद्धा मातीत उतरल्या. माती कपाळाला लावली, हात मिळवले, हलगी कडाडली. श्रद्धा उंच आणि चपळ, वैष्णवी बुटकी आणि अढळ. दोनदा श्रद्धाने तिला खाली घेतलं, दोनदा ती सुटली. मग वैष्णवीने पाठीमागून कब्जा घेऊन तिला उलटवलं. श्रद्धा मान रोवून पाठ उचलून धरत होती. सगळी ट्रॉली उभी, मीही.

आणि प्रमुख पाहुणे आले. बुटांसकट मातीत! मागे शाल, नारळ आणि फेट्याचं ताट. समितीच्या सचिवांनी दोघींचे हात धरून वर केले. “बरोबरीत!”

हलगीवाल्याने टिपरू काखेत घातलं. “सत्काराला वाजीव की रे,” सचिव ओरडले.

“निकाल लागू द्या, मग वाजीवतो.”

पाहुण्यांनी फेटा चिडीचूप शांततेत बांधून घेतला. त्या हलगीवाल्याला मी माझ्याकडून रेवड्या दिल्या.

शेवटची मोठी कुस्ती बाहेरून बोलावलेल्या दोन नामांकित पैलवानांची. आधीच ठरवून आलेली. असल्या कुस्तीला नुरा म्हणतात. वीस मिनिटं एकमेकांच्या मानेवर हात ठेवून दोघं गोल फिरले. ट्रॉलीतून कोणीतरी विचारलं, “पैलवान, लग्न जमलं का?” शेवटी ठरल्याप्रमाणे एक जण पडला; त्या वीस मिनिटांत एकही पाहुणा मध्ये आला नाही.

मी मैदानाच्या खांबावरचं पोस्टर काढलं, सचिवांना गाठून त्यातली ‘निकाली’ची ओळ मोठ्याने वाचून दाखवली. ते म्हणाले, “मॅडम, पाहुणे लांबून आले होते.”

“श्रद्धाही लांबूनच आली होती. ती बूट काढून मातीत उतरली.”

“वेळेचं बंधन असतं. पुढं बघू.”

जवळच उभे असलेले वस्ताद मान खाली घालून म्हणाले, “सोडवलेली कुस्ती निकालात धरता येत न्हाई, बाई.”

“मला पाडलं असतं तरी चाललं असतं,” श्रद्धा म्हणाली. वैष्णवी नखातली माती काढत होती.

एसटी चुकली. ज्ञानोबांनी घरी नेलं, बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. श्रद्धालाही वैष्णवीने ठेवून घेतलं होतं. सकाळी मला जाग आली ती मेंढ्यांच्या ओरडण्याने. मागे गेले तर दोघी मातीत, सलामी चाललेली. पंच ज्ञानोबा. प्रेक्षक मी आणि चाळीस मेंढ्या, फोन कोणाकडेच नाही. कुस्ती अकरा मिनिटं चालली आणि एकीची पाठ स्वच्छ, पूर्ण, मातीला टेकली. मग दोघी तशाच बसून हसत सुटल्या.

घरी येऊन दोन दिवस झाले. साडीच्या काठाची लाल माती अजून धुतलेली नाही. कोण जिंकलं ते मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही, कारण मेंढवाड्यातला निकाल तालमीचं दार उघडत नाही. तो भर मैदानात लागायला हवा.

समितीचं नाव मी लिहिलेलं नाही. समितीला ते ठाऊक आहे. हनुमान जयंतीला त्याच मैदानात कुस्त्या असतात. त्यात हीच जोड, पाठ लागेपर्यंत, मातीत बूट न घालता लावणार की नाही, एवढंच मला कळवावं. फोनवर नाही, ‘पुढं बघू’ नाही. लेखी, सचिवांच्या सहीने, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. पत्ता त्याच पोस्टरच्या मागच्या बाजूला लिहून, घडी करून सचिवांच्या खिशात मी स्वतः घातला आहे.